नव्या चॅपेलची चाल

हार्थगिलच्या चॅपेलचा इतिहास लिहून द्या, असं मंडळाच्या कचेरीतून मला सांगण्यात आलंय. दोन पानं पुरेत म्हणे. पायाभरणी कधी झाली, छप्पर कधी बदललं, विजेचे दिवे कधी आले आणि कोणकोण सज्जन होऊन गेले, एवढंच हवंय. भांडणं शक्यतो टाळावीत, असंही वर बजावलंय. आता आमच्या चॅपेलच्या इतिहासातून भांडणं काढली, तर मागे उरतो फक्त चहा, आणि तोही भांडणाशिवाय कधी झालेला नाही. तेव्हा त्यांना पाठवायचं ते मी पाठवीनच. खरं काय झालं ते इथे लिहिते.

सुरुवातीला चॅपेल एकच होतं. शिशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांनी ते बांधलं, कारण मोठं चर्च चार मैल लांब होतं आणि तिथल्या धर्मगुरूंना खाणकामगारांच्या बुटांचा वास सोसत नसे. हे लोक वेस्ली नावाच्या उपदेशकाच्या मार्गाने जाणारे, म्हणून वेस्लियन. दारू नाही, पत्ते नाहीत, नाच नाही. माणसाकडून एवढं सगळं काढून घेतल्यावर त्याला करमणुकीला काहीतरी लागतंच. आमच्या लोकांनी भांडण निवडलं. ते फुकट मिळतं आणि त्याने पाऊल वाकडं पडत नाही.

पहिल्या भांडणाचं नाव एझ्रा कूल्थार्ड. हा खाणीतच काम करायचा आणि रविवारी उपदेश करायचा. आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि एकदा बोलायला उभा राहिला की दुपारच्या जेवणाची वेळ हमखास टळायची. विश्वस्तांनी त्याला सांगितलं, आवरतं घे. तो म्हणाला, पवित्र आत्म्याला घड्याळ कळत नाही. विश्वस्त म्हणाले, आमच्या बायकांना कळतं. एझ्रा तडक बाहेर पडला आणि डोंगरावर मेंढ्यांच्या वाड्याशी उभा राहून उपदेश करू लागला. जेवणाला उशीर करायची ज्यांना मनापासून आवड होती असे अर्धे लोक त्याच्यामागे गेले. उघड्यावर उपदेश करणं शिस्तीत बसत नाही, असं सांगून विश्वस्तांनी त्याचं नाव कमी केलं. मग एझ्रा आणि त्याचे लोक वेस्लीलाच मानणाऱ्या पण उघड्यावर उपदेश करणाऱ्या प्रिमिटिव्ह पंथाला जाऊन मिळाले आणि त्यांनी स्वतःचं चॅपेल बांधायला घेतलं.

अख्ख्या खोऱ्यात जागा हवी तेवढी पडलेली होती. त्यांनी बांधलं जुन्या चॅपेलच्या बरोब्बर समोर, दारासमोर दार, मध्ये फक्त गाडी जाईल एवढा रस्ता, आणि छप्पर हातभर उंच. पुरुष खाणीतून सुटले की भिंत चढवायचे आणि बायका ओढ्यातले दगड एप्रनच्या ओच्यात घालून वर आणायच्या. हे मात्र मी टिंगलीत लिहीत नाही. तो चढ मी रोज चढते, आणि नुसती पिशवी घेऊन चढतानाही मला दम लागतो.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं दोन्हीकडच्या लोकांनी शेजाऱ्यावर प्रीती केली ती अशी: वेस्लियनांनी दाराला पडवी काढली. प्रिमिटिव्हांनी पडवी काढून वर घड्याळ बसवलं. वेस्लियनांनी ठरवलं की त्या घड्याळाकडे बघायचं नाही, आणि गावात दुसरं घड्याळ नसल्यामुळे ते पिढ्यानपिढ्या प्रार्थनेला उशिरा येत राहिले. वेस्लियनांनी पायपेटी आणली. प्रिमिटिव्ह म्हणाले, ज्याच्या घशात देव नाही त्याला भाता लागतो, आणि मग दोन वर्षांनी त्यांनीही आणली, जरा मोठी. एकाला जुनं चॅपेल म्हणत, दुसऱ्याला नवं. नवं चॅपेल शंभरीला टेकलं तरी ते नवंच राहिलं.

अशा गावात जेबेझ नॅट्रसने थर्झा कूल्थार्डशी लग्न केलं. नॅट्रस म्हणजे जुन्या चॅपेलचे खांब. गीताची पहिली ओळ एकट्याने उचलायची आणि मग मंडळीने त्यात सूर मिळवायचा, हा मान त्या घराण्याचा. पायपेटी आली तरी मान गेला नाही. पेटीवाली नुसती सूर द्यायची आणि ओळ नॅट्रसच उचलायचा. थर्झा ही एझ्राची पणती. तिच्या आजीने ओच्यातून ते दगड वाहिलेले. लग्न कुठल्या चॅपेलमध्ये, यावरून दोन्ही घरं अशी पेटली की शेवटी दोघांनी तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत जाऊन सह्या केल्या. येताना मेंढ्यांच्या बाजारातून एक मेंढा घेऊन आली. मेंढा दोघांना पसंत होता.

थर्झा माझी सख्खी मावशी. माझे आईवडील लवकर गेले आणि या दोघांनी मला वाढवलं, त्यामुळे जेबेझ माझा काका. लग्नाच्या दिवशीच त्यांचं ठरलं होतं की घरात चॅपेलचा विषय काढायचा नाही, आणि ते दोघांनी अक्षरशः पाळलं. गवत, कोकरं, हवा, हॅम किती खारट झालाय, यावर ती दोघं तासन्तास बोलायची. रविवारी हातात हात घालून चढ चढायची. रस्त्याच्या मधोमध आली की काका टोपीला हात लावायचा, मावशी मान हलवायची, आणि हा डावीकडे, ती उजवीकडे. प्रार्थना संपली की पुन्हा तिथेच भेटायची आणि हातात हात घालून उतरायची. परगावचा माणूस बघायला थांबायचा. आम्हाला त्यात काही नवल वाटत नसे. मी सकाळी काकाबरोबर आणि संध्याकाळी मावशीबरोबर जायचे, आणि दोन्हीकडे मला दुसऱ्याच्या चॅपेलची नजर लागू नये म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या मिळायच्या.

काका नव्या चॅपेलची पायरी कधी चढला नाही. नॅट्रसांपैकी कोणीच चढला नव्हता. सासरा वारला तेव्हाही तो थेट दफनभूमीत जाऊन उभा राहिला आणि मातीची पहिली मूठ त्यानेच टाकली. वाईट माणूस नव्हता तो. फक्त नॅट्रस होता.

मग वरच्या लोकांनी एकी केली. लंडनला मोठी सभा भरली आणि ठरलं की आता वेस्लियन नाहीत, प्रिमिटिव्ह नाहीत, सगळे नुसते मेथडिस्ट. बातमी हार्थगिलला पोचली. दोन्ही चॅपेलांत ती वाचून दाखवली गेली, दोन्हीकडे देवाचे आभार मानले गेले, आणि पुढच्या रविवारी दोन्हीकडची माणसं आपापल्या दारातून आत गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभालाही आच लागली नव्हती.

एकीची एक संयुक्त प्रार्थना मात्र झाली, डोंगरावर, कारण कोणाच्या चॅपेलमध्ये घ्यायची ते ठरेना. मी तेव्हा शाळकरी होते. दोन्हीकडे गायलं जाणारं एक गीत मुद्दाम निवडलं होतं. शब्द तेच. पण चाल? जुन्या चॅपेलची चाल वेगळी, नव्याची वेगळी, आणि हे पाळकसाहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. झालं. पहिल्या शब्दापासून अर्धा डोंगर एक चाल गातोय आणि अर्धा दुसरी. कोणी थांबेना. दुसऱ्याची चाल कानावर पडू नये म्हणून जो तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. खालच्या शेतातली कुत्री भुंकायला लागली. पाळकसाहेब म्हातारे होते, त्यांना कमी ऐकू यायचं. ते म्हणाले, एकीचा असा नाद मी आयुष्यात ऐकला नव्हता.

त्यानंतर पंचवीसेक वर्षं आम्ही कागदावर एक होतो. खाण केव्हाच बंद पडली होती, पोरं शहरात गेली होती, दोन्हीकडची बाकं रिकामी होत चालली होती. उपदेशाला बाकं जास्त आणि माणसं कमी. मी गावातल्या शाळेत शिकवायला लागले, आणि सकाळी जुन्या चॅपेलमध्ये, संध्याकाळी नव्या चॅपेलमध्ये पायपेटी वाजवायला लागले, कारण वाजवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मग एका हिवाळ्यात असा बर्फ पडला की नव्या चॅपेलचं छप्पर मधोमध खचलं. हातभर उंच बांधलेल्या छपराने हातभर जास्त बर्फ धरला होता, असं जुन्या चॅपेलमध्ये कोणीतरी म्हणालं. मी नाव सांगत नाही, तो काका होता.

नवे पाळक एल्फिकसाहेब दक्षिणेकडचे. तरुण, चांगल्या मनाचे, आणि आमच्याबद्दल काडीचीही कल्पना नसलेले. त्यांनी दोन्हीकडच्या विश्वस्तांची सभा गावातल्या शाळेत बोलावली आणि सांगितलं की एक चॅपेल बंद करावं लागेल, कुठलं ते तुम्हीच प्रेमाने ठरवा. प्रेमाने मतं पडली ती निम्मी-निम्मी. सगळ्यांत जुना विश्वस्त म्हणून निर्णायक मत काकाचं. मावशी तिथेच होती, कोपऱ्यात चहाच्या मोठ्या भांड्यापाशी. बायकांना मत नव्हतं, चहा होता.

काका उभा राहिला. छपराबद्दल बोलला, गरम पाण्याच्या नळ्यांबद्दल बोलला, जुन्या चॅपेलचा बॉयलर कसा चांगला आहे ते सांगितलं. सगळं खरं होतं. मग म्हणाला, "माझं मत जुन्याला."

मावशीने त्याचा कप भरला, नेहमीसारखी दोन चमचे साखर घातली आणि त्याच्यापुढे ठेवला. मला मात्र पुढे बघवेना. तिच्या आजीने वाहिलेले दगड, बापाने बसवलेली बाकं, तिचं अख्खं आयुष्य, आणि ते सगळं बॉयलरवर गेलं. मतही तिच्याच नवऱ्याचं.

पुढच्या रविवारी दोघं हातात हात घालून चढ चढली. रस्त्याच्या मधोमध आली. काकाला वाटलं होतं की आज ती डावीकडे वळेल. मावशीने नेहमीसारखी मान हलवली, उजवीकडे गेली आणि बंद दाराच्या पायरीवर गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

"मावशी, आत चल ना. केवढी थंडी आहे," मी म्हटलं.

"मी माझ्या चॅपेलला आलेय."

"अगं, चॅपेल बंद झालं."

"दार बंद झालं. पायरी उघडी आहे."

तिच्याबरोबर पायरीवर आणखी बरेच जण बसतील असं मला वाटलं होतं. एकही नाही. नव्या चॅपेलची सगळी मंडळी रस्ता ओलांडून गेली, आणि सर्वांत पुढे हॅना बीडल, जिच्या गोड आवाजाच्या जोरावर नवं चॅपेल इतकी वर्षं गात होतं. ती पहिल्याच रविवारी गरम नळीला पाय लावून बसली.

"हॅनाचा धर्म पायांत आहे," मावशी घरी बटाटे सोलताना म्हणाली. "पाय गरम तर हॅना मेथडिस्ट. उद्या पाय गार पडले तर तिला कॅथलिक व्हायला वेळ लागणार नाही."

एल्फिकसाहेब समजूत घालायला आले. मावशीने त्यांना आल्याची बिस्किटं दिली, चीज लावून फ्रूटकेक दिला, आणि त्यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मिसेस नॅट्रस, देव तर एकच आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग त्याला पायरीवर यायला कितीसा वेळ लागेल? रस्ताच तर ओलांडायचाय. आणखी एक बिस्कीट घ्या, तुम्ही फार वाळलाय."

साहेबांनी बिस्कीट घेतलं आणि गेले. जुन्या चॅपेलच्या बायकांनी मग निरोप पाठवला की वार्षिक चहाला थर्झाने येऊन चहा ओतावा, तिचा हात चांगला आहे. आपण मोठं मन दाखवतोय असं त्यांना खरोखरच वाटलं होतं. मावशीने उलट निरोप धाडला की चहा कसा ओततात ते जुन्या चॅपेलला शंभर वर्षांत जमलं नसेल तर आता जमून काय उपयोग. काकाने माझ्या हाती एक उशी पाठवली. ती मात्र तिने ठेवून घेतली, पायरीवर टाकली आणि तिच्यावर बसली. आभार मानले नाहीत. घरात चॅपेलचा विषय नव्हता ना.

शेवटी मीच एकदा चिडून विचारलं. "तुला हवंय तरी काय? तुझं छप्पर तर कोणी परत बांधून देणार नाही."

ती म्हणाली, "मला तिथे जागा दिलीय, लोइस. बोलावलं कोणी? हॅनाला रस्ता ओलांडून तीन महिने झाले, आमची सगळी तिकडे जाऊन बसलीत, आणि एक दिवस तरी आमची चाल गायलेत का? आम्ही यायचं, आमच्या खुर्च्या यायच्या, आमची चहाची भांडी यायची. फक्त आमचं गाणं तेवढं रस्त्यापलीकडे ठेवायचं."

हे काही खोटं नव्हतं. ते डोंगरावरचं गीत जुन्या चॅपेलमध्ये महिन्यातून एकदा तरी व्हायचं आणि जुन्याच चालीवर व्हायचं. पुढच्या खेपेला मी ठरवलं की सूर देताना नव्या चॅपेलच्या चालीचा द्यायचा. दिलाही. चालीचे चार सूर वाजवते न वाजवते तोच काका उठला आणि पायपेटीवर कडी करत जुनी चाल अशी घणाघाती उचलली की मंडळी निमूट त्याच्यामागे गेली. मला भाता सोडून हात मांडीवर घ्यावे लागले. प्रार्थनेनंतर तो म्हणाला, "चालीचा निर्णय विश्वस्त करतात."

"विश्वस्त म्हणजे तूच ना काका?"

"हो. म्हणून तर सांगतोय."

उन्हाळा तसाच गेला, नोव्हेंबर उलटला. मावशीला खोकला लागला. आधी साधा, मग असा की रात्री भिंतीपलीकडून ऐकून माझ्याच छातीत दुखायचं. डॉक्टर आले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि काकाकडे बघून म्हणाले, "हिला त्या दगडावर बसू देऊ नका. या हिवाळ्यात बसली तर पुढचा हिवाळा दिसणार नाही."

"मी तिला बसवतो का?" काका म्हणाला.

"मला काय माहीत तुमचं. मी मोठ्या चर्चचा आहे," असं म्हणून डॉक्टर गेले.

त्या आठवड्यात काका घरात जरा विचित्रच वागत होता. मेंढ्यांना चारा टाकताना एकटाच तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा आणि मी जवळ गेले की गप्प व्हायचा. मावशीला एकदा म्हणाला, "रविवारी पाऊस आहे." ती म्हणाली, "छत्री आहे." एवढंच. मला त्या दोघांचा असा राग आला होता की कोणाचं तोंड बघू नये असं वाटत होतं. एक जण मरायला तयार आणि दुसरा मरू द्यायला, आणि मधला रस्ता एवढासा.

रविवारी पाऊस नव्हता, गारठलेला ओला बर्फ पडत होता. दोघं चढली, रस्त्याच्या मधोमध थांबली. काकाने टोपीला हात लावला. मावशी खोकतच पायरीपर्यंत गेली, उशी झटकली, छत्री उघडली आणि बसली.

आत नळ्या मस्त तापल्या होत्या. दुसरं गीत तेच होतं, डोंगरावरचं. मी भाता मारला आणि सूर द्यायला पट्टीवर बोट ठेवलं.

"लोइस, थांब," काका म्हणाला. तो उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या हातातलं पुस्तक बंद होतं. "आज नव्या चॅपेलची चाल होईल. विश्वस्तांनी ठरवलंय. कोणीतरी दार उघडा."

"थंडी आत येईल," हॅना बीडल म्हणाली.

"येऊ दे."

दार उघडलं. रस्त्यापलीकडे छत्री दिसत होती, छत्रीखालचं काही दिसत नव्हतं. मी काकाला सूर विचारणार होते, पण तो नॅट्रस, त्याला सूर कोण विचारणार? नव्या चॅपेलची चाल तुला कुठून येते, हेही कोणी विचारलं नाही. त्याने घसा साफ केला आणि पहिली ओळ उचलली.

मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. कारण काका गात होता ती चालच नव्हती. सूर वर जायचे तिथे जात नव्हते, एकाच जागी घुटमळत होते, मग एक पायरी खाली उतरत होते आणि परत तिथेच येत होते. जुन्या चॅपेलच्या लोकांना वाटलं, प्रिमिटिव्हांची चाल ही अशीच भिकार असणार. नव्या चॅपेलची माणसं खाली बघून हसू दाबत होती. हॅनाने तोंड उघडलं आणि काय गावं ते न कळून मिटलं. काका एकटाच गात राहिला, मान ताठ, कान लाल, पहिलं कडवं संपवून दुसऱ्यावर गेला.

मला मात्र दुसऱ्याच ओळीला कळलं, आणि माझे हात पेटीवरच राहिले. चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार जुळत्या सुरावटींत गाताना, चाल फक्त सगळ्यांत वरचा आवाज गातो. नव्या चॅपेलमध्ये तो हॅनाचा. मावशीचा आवाज जाड, म्हणून ती पोरवयापासून खालचा आवाज गायची, चालीखाली टेकू देणारा. आणि घरी भांडी घासताना, कणीक मळताना, कपडे पिळताना तेच गुणगुणायची, कारण तिला तेवढंच पाठ होतं. घरात विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. गुणगुणायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. चाळीस वर्षं जेवणघरात बसून काकाने ते ऐकलं होतं आणि त्याला वाटलं होतं की हीच नव्या चॅपेलची चाल. त्या आठवड्यात मेंढ्यांपाशी तो पुटपुटत होता तेही हेच. एका शब्दाने मला विचारलं असतं तर मी त्याला खरी चाल दोन मिनिटांत शिकवली असती.

दुसरं कडवं अर्ध्यावर आलं तेव्हा छत्री दारात होती. मावशी आत आली. त्या दारातून कूल्थार्डांपैकी कोणी शंभर वर्षांत आत आलं नव्हतं. ती ओल्या बुटांनी मधल्या वाटेने सरळ पहिल्या बाकापर्यंत गेली. काकाने गाणं थांबवलं.

"जेबेझ, ही चाल नाही," ती म्हणाली.

"तू हीच गातेस."

"मी खालचा आवाज गाते. चाल बाकीचे गातात."

"मला बाकीचे कुठे माहीत आहेत?" काका म्हणाला. "मी तुलाच ऐकलंय."

कोणी हसलं नाही. एल्फिकसाहेबांनासुद्धा पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं दिसलं, कारण त्यांनी हातातला उपदेशाचा कागद घडी करून खिशात ठेवला. मावशीला खोकल्याची उबळ आली. तिने ती संपेपर्यंत बाकाचा कठडा धरून ठेवला. मग छत्री मिटली आणि बाकाला टेकवून उभी केली.

"सरक," ती म्हणाली.

काका सरकला. मी नव्या चॅपेलची चाल वाजवायला घेतली, आणि पट्ट्या मला धड दिसत नव्हत्या हे आता सांगायला हरकत नाही. दोघं एकाच पुस्तकात बघून खालचा आवाज गात होती, त्याचा जाड आणि तिचाही जाड, आणि वरची चाल धरायला कोणीतरी हवं म्हणून हॅना बीडलला नळीवरचे पाय काढून उभं राहावं लागलं.